तिने शिकवलेली हाक

इस्पितळात तिचा चेहरा फार थोड्यांनी पाहिला होता, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. ती टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून दिवसभर बसायची. पलीकडून कुणी नुसतं "हॅलो" म्हटलं की कोण बोलतंय, त्याला काय हवंय आणि तो किती घाबरलाय, हे तिला कळायचं. नवरा मित्रांना सांगायचा, "आमच्या घरात थाप मारायची सोय नाही. बाई आवाजावरून पकडते." तो वीज खात्यात वायरमन होता. गल्लीत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांसाठी तो वायरमनच.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. नऊ महिने भरले, आणि ती जिथे नोकरी करायची त्याच इस्पितळात, तिच्या खोलीच्या दोन मजले वर, मूल मेलेलं जन्माला आलं. मुलगी होती.

घरी आल्यावर तिचं बोलणं संपलं. ती रडत नव्हती, चिडतही नव्हती. "हो", "नको", "ठेवा तिथे", एवढंच. रजा संपली, वाढवली, परत संपली. घरातला फोन वाजला तर ती खाटेवर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहायची आणि तो वाजून वाजून थांबायचा. वायरमन संध्याकाळी कामावरून यायचा तेव्हा सकाळी तो ठेवून गेलेला चहाचा कप साय धरून तिथेच असायचा. बिघाड कुठे आहे ते सापडलं की दुरुस्ती अर्धी झाली, असं तो कामावर नव्या पोरांना सांगत असे. इथे बिघाड कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

हायवेवर एक मोठं कुक्कुटपालन केंद्र होतं. तिथली लाइन जळाली म्हणून तो एकदा दुरुस्तीला गेला. निघताना मालकानं एक लंगडी कोंबडी पाय बांधून त्याच्या पिशवीत टाकली. "आमच्या कामाची नाही, घेऊन जा," म्हणाला. ती खरं तर त्या दिवशी पातेल्यातच जायची. वायरमननं पिशवी ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेला. बाहेर आला तर बायको जमिनीवर बसून कोंबडीच्या पायांची सुतळी सोडत होती.

तिनं वर बघितलं नाही, आणि त्यानंही काही विचारलं नाही. रात्री भात आणि डाळ झाली.

चार-पाच दिवसांनी त्या कोंबडीनं मागच्या अंगणात, सरपणाच्या ढिगामागे अंडं घातलं आणि अशी काही कोकलत सुटली, की शेजारचे हवालदार भिंतीवरून डोकावले. कोंबडी मान ताठ करून अंगणभर फिरत होती आणि जगाला ओरडून सांगत होती. वायरमनची बायको दारात उभी होती.

"एका अंड्याचा केवढा गाजावाजा," ती म्हणाली.

ते तिचं कित्येक महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. वायरमन चपला घालत होता, तो तसाच खाली बसला. पुढच्याच रविवारी तो बाजारात जाऊन आणखी तीन कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आला.

पुढच्या वर्षभरात अंगण भरलं. त्यानं जुन्या केबलच्या लाकडी रिळांचं खुराडं केलं, वर पत्रा ठोकला. तिनं प्रत्येक कोंबडीला नाव दिलं, तेही इस्पितळातलं. जिच्याभोवती नेहमी गर्दी असायची ती ओपीडी. दुसऱ्याच्या चोचीतला दाणा काढून घेणारी ती कॅश काउंटर. सगळ्यांना टोचून रांगेत ठेवणारी, पहिली आलेली लंगडी, ती मेट्रन. काळीभोर होती ती रात्रपाळी. मोठा तांबडा कोंबडा म्हणजे मोठे साहेब, आणि नंतर अंगणातच वाढलेला हाडकुळा कोंबडा म्हणजे शिकाऊ. इस्पितळातल्या सगळ्या विभागांची नावं संपत आली, पण एका विभागाचं नाव तिनं कुणालाही दिलं नाही.

तिचा कान तर तयारच होता. ती पायरीवर बसून तासन्‌तास ऐकायची आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगायची. आता ती सांगायला लागली होती, हीच मोठी गोष्ट होती.

"अहो, यांच्यात ओरडणं म्हणून एक गोष्ट नाही. आकाशात घार दिसली ना, की मोठे साहेब बारीक, लांब आवाज काढतात. लगेच सगळ्या जिथल्या तिथे दबतात. पण मांजर आलं की वेगळं. तेव्हा ते मान वर करून कटाक्‌ कटाक्‌ करत राहतात. मग कुणी दबत नाही. सगळ्या पळतात, उंच चढतात."

"म्हणजे संकट वरून की खालून ते सांगतात?"

"हो. आणि खाणं सापडलं की कुटकुट. दाणा उचलायचा, टाकायचा, परत उचलायचा. बायका येतात धावत. कधी कधी दाणा नसतोच, नुसतं बोलावतात."

"लबाड आहे की."

"फार दिवस चालत नाही ते. दोन-तीनदा फसल्या की येत नाहीत."

हवालदार निवृत्त होते, आणि त्यांची झोप हा गल्लीतला नाजूक विषय होता. एका सकाळी ते भिंतीपाशी आले. "वहिनी, माझी तक्रार नाही. पण हा आरवतो तरी का? सूर्य याला विचारून उगवतो का? आणि सकाळी आरवला ते समजलं. दुपारी दोन वाजता काय उगवतं?"

"त्याच्या अंगात घड्याळ आहे, काका. अंधाऱ्या खोलीत कोंडलात तरी उजाडायच्या जरा आधी आरवेल. दुपारचं वेगळं. तेव्हा तो म्हणतो, मी आहे, ही जागा माझी आहे."

"हे आम्ही नोकरीत रोज म्हणायचो. त्यासाठी ओरडायला लागलं नाही."

"आणि बघा, आधी मोठे साहेबच आरवतात. शिकाऊ जागा असतो, पण थांबतो. साहेबांचं झालं की मग हा. एकदाही आधी नाही."

हवालदारांनी दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम उठून खात्री केली. "बरोबर आहे," ते भिंतीवरून म्हणाले. "शिस्त आहे." त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. कुणी पाहुणा आला तर ते त्याला भिंतीपाशी नेऊन दोघांची सेवाज्येष्ठता समजावून सांगायचे.

रणरणत्या उन्हाळ्यात रात्रपाळी खुडूक बसली. खुराड्याच्या कोपऱ्यात भुशावर, पिसं फुगवून, हात नेला की गुरगुरत. तिच्याखाली अंडी ठेवली होती. पिल्लं बाहेर यायला एक-दोन दिवस असताना वायरमनच्या बायकोनं त्याला बोलावलं. एक अंडं हळूच काढून त्याच्या कानाला लावलं.

"ऐका."

त्याला आधी काही कळलं नाही. मग आतून, फार लांबून यावा तसा, बारीक चिवचिवाट आला. रात्रपाळीनं घशातल्या घशात आवाज केला. अंड्यातून उत्तर आलं.

"फुटायच्या आधीच बोलतात," ती म्हणाली. "ती बोलते, ही उत्तर देतात. जन्मायच्या आधी आईचा आवाज ओळखतात."

अंडं परत ठेवून ती भुसा सारखा करत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी पण बोलायचे. रोज. तुम्ही कामावर गेलात की. ती लाथ मारायची, मी समजायचे उत्तर आलं. शेवटी दोन दिवस मी बोलत होते आणि तिकडून काही येत नव्हतं. मला वाटलं, झोपली असेल. लाइन मेली आहे हे मला कळायला हवं होतं. तेच तर माझं काम."

वायरमनला पुष्कळ काही म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "उन्हात बसू नकोस." आणि तो आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. ती पाणी प्यायली.

ती पिल्लं जगली, मोठी झाली. पावसाळा गेला. तिनं एक दिवस स्वतःहून इस्पितळात फोन केला आणि पुढच्या महिन्यापासून येते म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसानं आवाज ओळखला आणि आनंदानं जवळजवळ किंचाळला, हे तिनं हसत हसत सांगितलं. वायरमन त्या दिवशी खांबावर चढताना शीळ घालत होता. त्याच्या हाताखालच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

ती नोकरीवर जायच्या आधीच्या आठवड्यात हायवेवरच्या केंद्रात कोंबड्या मरायला लागल्या. बर्ड फ्लू निघाला.

गल्लीत कुणाला बातमी लागायच्या आत सरकारी पशुवैद्य बाई कोंबड्या पाळणाऱ्यांची यादी घेऊन वायरमनला रस्त्यातच भेटल्या. तरुण होत्या. कित्येक दिवस झोप नसल्यासारखे डोळे होते. त्यांनी सरळ सांगितलं, "केंद्राच्या आसपासच्या टापूत एकही पक्षी ठेवता येणार नाही. आजारी असो, नसो. तुमचं घर टापूत येतं. उद्या सकाळी आम्ही येऊ."

"आमच्या सगळ्या ठणठणीत आहेत."

"असतील. तरीही."

"एखादी ठेवता येईल? एक? बायकोचा फार जीव आहे त्यांच्यावर."

"नाही हो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच वायरमनला कळलं की इथे काही चालणार नाही.

घरी जाऊन बायकोला सांगायचं, हे त्यानं चौकापर्यंत ठरवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं मन फिरलं. ती परत त्या खाटेवर पडलेली, कपावर साय धरलेली, फोन वाजतोय, हे सगळं त्याला दिसलं. तो उलट फिरला, कामाच्या ठिकाणी गेला आणि तिथून बायकोच्या मोठ्या बहिणीला फोन लावला. ताई बसनं तासाभराच्या अंतरावर राहायची.

"ताई, तिला उद्या दिवसभर तुमच्याकडे बोलवा. पाठ धरलीये, उठता येत नाही म्हणा."

"मला खोटं बोलायला लावताय तुम्ही? आणि तिच्याशी?"

त्यानं कारण सांगितलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिला सांगून टाका. दुःख होईल, पण तुमच्याबरोबर होईल."

"तिच्यासमोर त्यांच्या माना पिरगाळतील, ताई."

संध्याकाळी ताईचा फोन आला. बायकोनं घेतला. "ताई, आवाज असा का येतोय तुझा?" तिनं विचारलं. ताई म्हणाली, दुखतंय म्हणून. आवाज खरोखरच दुखऱ्या माणसाचा होता. बायकोनं विश्वास ठेवला.

सकाळी निघताना तिनं पिशवी खांद्याला लावली आणि परत मागच्या दारी गेली. रात्रपाळी दुसऱ्यांदा खुडूक बसली होती. "हिचं पाणी जवळ ठेवा. उठवू नका. आज आतून बोलायला लागलीत, उद्यापर्यंत निघतील. मी शेवटच्या बसनं येतेच."

"बरं," वायरमन म्हणाला. तो तिच्याकडे पाठ करून पाण्याचं भांडं भरत होता. आवाज जेवढा साधा ठेवता येईल तेवढा त्यानं ठेवला.

ती गेल्यावर थोड्या वेळानं माणसं आली. डॉक्टरबाई आणि तीन जण, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकच्या डगल्यांत, तोंडाला मास्क, हातात जाळी आणि पोती. अंगणाचं फाटक उघडताच मोठ्या साहेबांनी मान वर केली. असं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कटाक्‌, कटाक्‌, कटाक्‌. अंगणात एक क्षण धूळ उडाली आणि मग एकही कोंबडी जमिनीवर नव्हती. काही तुतीच्या झाडावर गेल्या, काही पत्र्यावर, काही सरपणाच्या ढिगात शिरल्या. मेट्रन लंगडत लंगडत भिंतीच्या आणि न्हाणीघराच्या सांदीत गेली, जिथे माणसाचा हात पोचत नव्हता.

माणसांनी जाळी टाकून पाहिली. एक जण पत्र्यावर चढला, तशा पत्र्यावरच्या झाडावर गेल्या. मोठे साहेब थांबतच नव्हते. त्यांचा आवाज ऐकून पुढच्या दोन गल्ल्यांतले कोंबडेही ओरडायला लागले. डॉक्टरबाईंनी मनगटानं कपाळ पुसलं.

"अजून सगळी वस्ती बाकी आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकतात का या?"

वायरमन दारात उभा होता. त्याला बायकोनं हाक शिकवली होती. ती बाहेर गेली तर संध्याकाळी कोंबड्या आत घेता याव्यात म्हणून. कोंबडी पिल्लांना दाणा दाखवते तेव्हाचा आवाज. जीभ टाळूला लावून, ओठ न हलवता, आधी सावकाश, मग भरभर. त्याला जमायला बरेच दिवस लागले होते. "तुमचं इंजिन बिघडल्यासारखं वाटतं," म्हणून ती हसायची. शेवटी जमलं, तेव्हा ओपीडी त्याच्या पायावर येऊन उभी राहिली होती.

तो "नाही" म्हणू शकत होता. पण त्याच्या डोक्यात एकच होतं, की ती परत यायच्या आत हे संपावं, अंगण झाडून व्हावं, पोती गेलेली असावीत.

"ऐकतात," तो म्हणाला. "तुम्ही सगळे फाटकाबाहेर थांबा. दिसू नका."

अंगण शांत झाल्यावर तो नेहमीच्या पायरीवर बसला, मूठभर दाणे घेतले आणि हाक दिली.

आधी कुणी हललं नाही. झाडावरून मोठे साहेब कटाक्‌ कटाक्‌ करत होते. त्यानं परत हाक दिली. सरपणातून कॅश काउंटरचं डोकं बाहेर आलं. मग ओपीडी उतरली, तिच्या मागे आणखी दोघी. सांदीतून मेट्रन लंगडत आली आणि सगळ्यांना टोचून पुढे झाली. तो एकेकीला उचलायचा, पंख अंगाशी धरायचा, तशी ती त्याच्या हातात शांत व्हायची. मग फाटकाशी जाऊन तो तिला बाहेरच्या हातात द्यायचा. बाहेर एक लहानसा आवाज व्हायचा. तो परत येऊन पायरीवर बसायचा. हाक एकदाही चुकली नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी येतच राहिलं.

शेवटी मोठे साहेबही उतरले. कोंबड्या दिसेनात म्हणून उतरले असावेत. त्यांना धरताना त्यांनी वायरमनच्या मनगटावर नख्यांनी लांब ओरखडा काढला.

ते फाटकाबाहेर गेले आणि थोड्याच वेळात झाडाच्या शेंड्यावरून शिकाऊ आरवला. कुणाची वाट न बघता, आधी, पूर्ण. हवालदार भिंतीपलीकडे उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते घरात निघून गेले. शिकाऊला दोघांनी फांदी वाकवून जाळीत घेतलं.

राहिली रात्रपाळी. ती उठलीच नव्हती. पिसं फुगवून गुरगुरत होती. वायरमन वाकला, पण त्याचे हात पुढे जाईनात. डॉक्टरबाईंनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः तिला उचललं. मग अंडी एकेक करून पोत्यात ठेवली. टाकली नाहीत, ठेवली.

"डॉक्टर," वायरमन म्हणाला, "आत जिवंत आहेत ती."

"मला माहीत आहे."

पोतं उचललं तेव्हा आतून चिवचिव येत होती. पिल्लू गारठलं किंवा एकटं पडलं की करतं तशी, चढी, थांबून थांबून. माणसानं पोत्याचं तोंड बांधलं. खड्डा मैदानापलीकडे खणला होता. पोती गाडीत चढेपर्यंत वायरमनला ते ऐकू येत होतं, आणि गाडी वळल्यावरही येत राहिलं. त्याला वाटलं, आपल्या कानातच आहे.

अंगणात चुना पसरून ते पुढच्या घरी गेले.

बायको शेवटच्या बसनं येणार होती, ती दुपारीच आली. ताईला जमलं नव्हतं. उठून चहा करायला गेली आणि धाकट्या बहिणीनं नुसतं "ताई" म्हटल्याबरोबर रडत रडत सगळं सांगून बसली होती. बायको घरातून सरळ मागच्या दारी गेली. पांढऱ्या अंगणाकडे बघत पायरीवर बसली. वायरमन तिच्यामागे उभा राहिला.

"पकडल्या कशा?" तिनं विचारलं.

त्यानं बाही ओढून मनगटावरचा ओरखडा झाकला.

"त्या परक्याच्या हाती लागत नाहीत. झाडावर गेल्या असतील. कशा पकडल्या?"

"मी बोलावल्या."

"कुठल्या हाकेनं?"

"तू शिकवलेल्या."

तिनं पायरीवरचा चुना बोटानं पुसला. मग म्हणाली, "आल्या?"

"आल्या."

"मेट्रन?"

"ती पण."

"अंड्यांतली बोलत होती?"

"नाही," वायरमन म्हणाला.

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. असं तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर कुणी घाणेरडं बोललं की ती शांतपणे लाइन कापायची, तेव्हा तिचा चेहरा असा होत असेल, असं त्याला वाटून गेलं.

"मी सकाळी ऐकलं होतं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

ज्याची त्याला भीती होती ते झालं नाही. ती खाटेवर पडली नाही. ठरल्या दिवशी नोकरीवर रुजू झाली. इस्पितळात सगळे खूष होते. जिन्याखालच्या खोलीतून पुन्हा तिचा आवाज यायला लागला. डॉक्टर, नर्सा, नातेवाईक, सगळ्यांशी ती पूर्वीसारखी बोलायची. घरी आली की मात्र "हो", "नको", "ठेवा तिथे". त्यानं माफी मागितली. पुन्हा मागितली. ती म्हणाली, "राग नाही माझा." आवाजात खरंच राग नव्हता. तो शोधत राहिला, कारण राग असता तर त्याला धरून पुढे कुठेतरी जाता आलं असतं.

एका संध्याकाळी त्यानं तिला आतल्या खोलीतून नावानं हाक मारली. तिनं उत्तर दिलं नाही. त्यानं जरा मोठ्यानं मारली. ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. त्यानंतर त्यानं हाक मारायचं सोडून दिलं. काही सांगायचं असलं की तिच्या समोर जाऊन उभा राहायचा.

थंडी सुरू झाली तेव्हा तिनं ताईच्या गावाजवळच्या इस्पितळात जागा बघितली. दोन बॅगा भरल्या. ताई न्यायला आली होती. ताईनं त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "थोडे दिवस जाऊ द्या." तो म्हणाला, "हो." दोघांनाही कळत होतं. रविवारी तो बसनं तिकडे जायचा. ती चहा करायची, त्याच्या कामाची चौकशी करायची. पलीकडे अनोळखी माणूस असताना वापरायचा तिचा एक आवाज होता, नीट, स्वच्छ, मदत करणारा. त्याच आवाजात ती त्याच्याशी बोलायची. पुढे पुढे रविवार चुकायला लागले.

वसंतात डॉक्टरबाई त्याच्या दारी आल्या. डगला नव्हता, त्यामुळे त्यानं आधी ओळखलं नाही. टापूवरची बंदी उठली होती आणि त्या घरोघर सांगत होत्या, की आता पक्षी पाळायला हरकत नाही. त्यांनी मागचं अंगण पाहिलं. खुराडं तसंच होतं, पत्र्यावर तुतीची पानं साचली होती.

"बाई घरी नाहीत?" त्यांनी विचारलं.

"इथे नसते ती आता."

 त्या पायरीजवळ उभ्या राहिल्या. "त्या दिवसामुळे?"

वायरमननं मान हलवली. मग, कधीपासून कुणाला तरी विचारायचं राहिलं होतं ते त्यानं विचारलं. "मी बोलावल्या नसत्या तर काय झालं असतं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही पकडल्याच असत्या. अंधार पडला की झाडावरच्या हलत नाहीत, फळं तोडावीत तशा काढता येतात. बाकीच्या घरी तेच केलं."

"मग मला का विचारलंत?"

 त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पिशवी जड नव्हती.

"घाई होती," त्या म्हणाल्या. आणि मग, "पाणी मिळेल का?"

वायरमननं आत जाऊन पेला भरून आणला. त्या उभ्या उभ्या पाणी प्यायल्या, त्यांनी पेला पायरीवर ठेवला, आणि त्या शेजारी हवालदारांकडे सांगायला गेल्या. भिंतीपलीकडून हवालदारांचा आवाज आला, "नको बाई, आम्हाला कुठे काय पाळायचंय." फाटक लागलं. वायरमन पेला घेऊन आत आला आणि दिवा लावायचा राहून गेला, तो तसाच बसला.